मास्तरांच्या पडवीतले अनसीन उतारे

गंमत बघा. गणितात आम्ही पाचही जण बरे होतो. दामूला तर भूमितीची प्रमेयं झोपेतून उठवून विचारली तरी यायची. पण एवढ्या वर्षांत आमच्यापैकी कुणी कुणाला गणिताचा एक किस्सा सांगितल्याचं मला आठवत नाही. आणि इंग्रजी! तिथे एकजण सोडून आम्ही सगळे गळ्यापर्यंत बुडालेले. म्हणून किस्से सगळे तिकडचेच. कुणी भेटलं की एक निघतो, त्याला दुसरा चिकटून येतो, आणि चहा गार होतो. हसण्यासारखे त्यात फार नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. आम्ही मॅट्रिकच्या वर्गात होतो. इंग्रजी शिकवायला रेगे मास्तर. मूळचे मालवणकडचे, वसईजवळच्या निर्मळला देवळाच्या खालच्या अंगाला एका वाडीत भाड्याने राहायचे. एकटेच. शाळेआधी सकाळी साडेसहाला ते आम्हाला घरी बोलवायचे आणि पडवीत चटई टाकून तासभर उतारे सोडवून घ्यायचे.

परीक्षेत पुस्तकाबाहेरचा एक उतारा यायचा. तो वाचायचा आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं लिहायची. आधी कधी न पाहिलेला, म्हणून त्याचं नाव ‘अनसीन पॅसेज’. आमच्यातली एकटी मुलगी सुलू. ती म्हणायची, “आपल्याला तर पाठ्यपुस्तकसुद्धा अनसीनच!”

*

पहिला किस्सा दामूचा. दामू निर्मळचाच, केळीच्या वाडीवाला. माझ्या शेजारी बसायचा.

मास्तरांकडे जुन्या प्रश्नपत्रिकांचा एक गठ्ठा होता. त्यातला एक छापील उतारा त्यांनी दिला. विलायतेतलं एक कुटुंब. बाहेर वादळ आणि बर्फ. घरात मधोमध विस्तव पेटवलेला आणि त्याच्याभोवती आईबाप, मुलं गोळा होऊन बसलेली. खाली प्रश्न, “व्हाय वेअर द चिल्ड्रन हॅपी?” मुलं का आनंदात होती?

आम्ही चौघांनी लिहिलं. दामूने जागा कोरी सोडली.

मास्तरांना कोऱ्या जागेचा फार राग. चूक लिहिलेलं त्यांना चालायचं. “दामोदर,” ते म्हणाले, “सगळ्यात सोपा प्रश्न सोडलास?”

“सर, उत्तर सापडलं नाही.”

“अरे, पहिल्याच ओळीत आहे! घरात विस्तव पेटला होता, म्हणून मुलं आनंदात होती.”

दामूने मान हलवली. त्याचं घर गवताने शाकारलेलं होतं. गेल्या शिमग्याच्या आधी चुलीतली ठिणगी उडाली आणि पाऊण तासात घर बसलं. माणसं बाहेर पडली. गोठ्यातली गाय आणि वासरू बांधलेली होती.

“होय सर,” दामू म्हणाला, “तेच तीनदा वाचलं. मला वाटलं, छपाईची चूक आहे.”

*

हरी आमच्यात वयाने मोठा. खाडीकडच्या मिठागराच्या गावातून चालत यायचा. मॅट्रिकला दोनदा बसून दोनदा इंग्रजीत गेलेला. तिसऱ्यांदा बसणार होता.

पावसाळा सरता सरता त्याच्या गावात पटकी आली. कुणी साहेब आला, विहिरीत लाल पावडर टाकली आणि काठावर लाकडी पाटी ठोकून गेला. पाटी इंग्रजीत! ‘अनफिट फॉर ड्रिंकिंग.’ गावात इंग्रजी येणारा हरी एकटा. लोकांनी त्याला उभं केलं.

हरीने वाचलं. “पानी पिऊ नका. प्यायला लायक नाय.”

खरं तर अगदी बरोबर. आदल्याच आठवड्यात मास्तरांनी आमच्याकडून ‘अन’ लावून पंधरा शब्द घोकून घेतले होते. पण गावातला वडीलधारा एक होडीचा तांडेल होता. तो म्हणाला, “दोनदा नापास झालेला तू. तुझं इंग्रजी कोन खरं धरील?”

दुसरा म्हणाला, “सरकारनं रंग लावून पाटी केली. पानी वाईट असतं तर एवढा खर्च केला असता? चांगलं हाय म्हनूनच पाटी!”

दुसरी विहीर लांब होती. हरी घसा कोरडा होईपर्यंत सांगत राहिला. त्याच्या आजीनेसुद्धा ऐकलं नाही. “तुला येत असतं तर मास्तरांनी पास केलं नसतं काय रे?” म्हणाली आणि कळशी उचलून गेली.

चौथ्या दिवशी सोपाऱ्याहून एक मॅट्रिक पास झालेला कारकून कामासाठी आला. लोकांनी त्याला विहिरीवर नेलं. त्याने चष्मा लावला, पाटी वाचली आणि म्हणाला, “पाणी पिऊ नका, असं लिहिलंय. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?”

हरी त्याच वेळी आजीला मसणात पोचवून परत येत होता. अंगावर ओलं धोतर. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तांडेलाचा धाकटा भाऊही आदल्या दिवशी पटकीने गेला होता. तांडेल पुढे आला, हरीचे दोन्ही खांदे धरले आणि गदागदा हलवत ओरडला, “अरे मेल्या, मग तू पास का नाय झालास?”

*

जुन्या प्रश्नपत्रिका संपल्या. नवी पुस्तकं मिळत नव्हती, कागदाची टंचाई होती. मग मास्तरांनी आतून एक जाड वही आणली. तिच्यात त्यांनी स्वतः रचलेले उतारे होते. शाई फिकी झालेली. रोज एक उतारा ते वाचून दाखवायचे, आम्ही उतरून घ्यायचो.

त्या उताऱ्यांत एक मुलगी होती, मीना. मीना कावळ्यांना भात घालते. मीना वडिलांच्या चपला लपवते. मीना आजारी मांजराला आपली चादर पांघरते. उतारे लहान लहान आणि इंग्रजी इतकं सरळ, की आम्हालासुद्धा डिक्शनरी लागायची नाही. आम्ही खूश! मीना आली की मार्क आले.

पंधरा-वीस उतारे झाले. आम्हाला मीनाची सवय झाली. एक दिवस दामूने विचारलं, “सर, मीना सारखी पाच वर्षांचीच कशी? पुढच्या उताऱ्यात मोठी होणार का?”

मास्तर वहीचं पान उलटत होते. ते पान तसंच धरून म्हणाले, “नाही. ती नाही होणार.”

सुलूने दामूला कोपराने ढोसलं. मला तेव्हाही काही कळलं नाही. मी आपला पेन्सिलीला टोक करत बसलो.

त्या दिवशीच्या उताऱ्यात मीना आईवडिलांबरोबर जत्रेला जाते आणि फुगा घेते. शेवटचा प्रश्न, उताऱ्याला शीर्षक द्या. सुलूने काहीच लिहिलं नाही. दामूने लिहिलं, ‘ए हॅपी फॅमिली.’ मास्तरांनी त्याची वही बराच वेळ हातात धरली. आम्हाला वाटलं स्पेलिंग चुकलं.

“बरोबर आहे,” शेवटी ते म्हणाले, “उतारा लिहिला तेव्हा बरोबर होतं.” आणि दोनपैकी दोन मार्क दिले.

*

सुलूचं इंग्रजी आमच्या सगळ्यांत चांगलं. ती वाचायला लागली की मास्तर डोळे मिटून ऐकायचे. तिच्या घरची फुलांची वाडी होती. वडिलांना ती अण्णा म्हणायची. अण्णा तिला शाळेत पाठवायचे खरे, पण वाडीतल्या बायाबापड्या त्यांना रोज विचारायच्या, “पोरीला कलेक्टर करायची काय?”

दिवाळीनंतर तिला बघायला पहिली मंडळी आली. मुलाच्या मामाने कौतुकाने इंग्रजी वर्तमानपत्र तिच्या हातात दिलं. “वाच बघू, काय शिकलीस ते.” तिने घडाघडा वाचलं. मामा एका बातमीचा अर्थ भलताच सांगायला लागला, तेव्हा तिने तो नीट करून सांगितला! चहा न पिताच मंडळी उठली. चार दिवसांनी निरोप आला, ‘मुलगी हुशार आहे. आमच्याकडे जमायचं नाही.’

अण्णा तिला रागावले नाहीत. दुसरी मंडळी यायची होती त्या सकाळी ते मोगऱ्याच्या कळ्या खुडता खुडता एवढंच म्हणाले, “सुले, आज जरा अडखळत वाच गं. तुझ्यामागे दोघी आहेत.”

दुसऱ्या दिवशी ती पडवीत आली. उतारा समोर होता, पण तिने पेन काढलं नाही.

“काय गं?” मास्तरांनी विचारलं.

“सर, काल मी ‘इज’च्या जागी ‘आर’ वाचलं. ‘नॉलेज’मधला के उच्चारला. एका शब्दावर तर रडकुंडीला आल्यासारखं केलं. मोजल्या मी. सात चुका केल्या.”

मास्तरांना आधी उमगलं नाही. ते सवयीने म्हणाले, “सात चुका? सात चुका म्हणजे नापास!”

“नाही सर,” सुलू म्हणाली, “पसंत.”

परीक्षा मार्चमध्ये होती आणि लग्न माघात.

*

माझा किस्सा सांगायचा नाही असं ठरवलं होतं, पण दामू भेटला की तो सांगतोच. मग मीच सांगतो.

सुलू सोडून आम्ही चौघे परीक्षेला बसलो. इंग्रजीचा पेपर हातात आला. मी आधी अनसीन काढला. एक आंधळा नावाडी असतो. पाण्याच्या आवाजावरून नाव हाकतो. एका धुक्याच्या दिवशी डोळस नावाडी कुणी पाण्यात उतरत नाही, आणि एक बाई तापाने फणफणलेल्या पोराला घेऊन पलीकडच्या डॉक्टरकडे जायला काठावर उभी असते. तो म्हणतो, बसा, मला धुकं आणि ऊन सारखंच.

मी वाचत गेलो आणि कळत गेलं! प्रत्येक शब्द कळत होता! आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजी मला मराठीसारखं कळत होतं. मी दुसऱ्यांदा वाचला. मग तिसऱ्यांदा. पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला. मग निबंध लिहिला, व्याकरण लिहिलं, घंटा झाली, पेपर देऊन बाहेर आलो. दामूने विचारलं, “अनसीनचा चौथा प्रश्न काय लिहिलास?”

मी म्हटलं, “प्रश्न?”

दहा मार्कांचा उतारा मी नुसता वाचून आलो होतो!

निकाल लागला. इंग्रजीत चार मार्कांनी गेलो. हरी पास झाला. त्याच्या गावात कुणी त्याचं अभिनंदन करायला आलं नाही. मी घरी आलो तेव्हा आमचे आबा वाडीत रहाटावर होते. बैल गोल फिरत होता, पाणी पाटात पडत होतं. मी झालं ते सगळं सांगितलं. आता मार बसणार म्हणून उभा राहिलो. आबांनी स्वतः चौथीतून शाळा सोडलेली, माझ्यासाठी दोन वर्षं त्यांनी वाडीत एकट्याने राबून काढली होती.

आबांनी बैल थांबवला. “कसला उतारा होता, एवढा?”

मी सांगितला. मराठीत, जसा वाचला तसा. ते बैलाच्या पाठीवर हात ठेवून ऐकत होते.

“मग? ते पोर पोचलं का पलीकडे?”

“पोचलं.”

“जगलं?”

“तेवढं उताऱ्यात नव्हतं.”

माझा एक मोठा भाऊ होता, तो मी जन्मायच्या आधी तापाने गेलेला. त्याला वसईला डॉक्टरकडे न्यायला त्या दिवशी टांगा मिळाला नव्हता, एवढंच मला आईकडून माहीत होतं.

“लिहिणाऱ्याने लिहायला पाहिजे होतं,” आबा म्हणाले आणि बैलाला हाक दिली.

*

फ्रान्सूचा किस्सा मी मुद्दाम शेवटी ठेवला. तो घडला परीक्षेच्या दोन महिने आधी.

फ्रान्सू म्हणजे फ्रान्सिस, जवळच्या गास गावचा. आमच्यात तोच सगळ्यात उत्साही. शब्द अडला तरी तो थांबायचा नाही, मागचा-पुढचा शब्द धरून अर्थ लावून मोकळा व्हायचा. “गेस करा!” हे त्याचं वाक्य. मास्तर म्हणायचे, “फ्रान्सिस, तू उतारा वाचत नाहीस, उताऱ्यावरून उडी मारतोस!”

त्याच्या घराला लागून रेजिनाबायचं घर होतं. नवरा नाही. एकुलता एक मुलगा इनास. तो बोटीच्या इंजिनावर काम करायचा आणि इंजिन ड्रायव्हरची परीक्षा द्यायला कलकत्त्याला गेला होता. महिनाभर रेजिनाबाय रोज देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, मेणबत्ती लावत होती. आल्यागेल्याला सांगायची, “पोऱ्या पास झाला की साहेबाच्या हाताखालचा सुटला.”

त्या दिवशी आमच्या शाळेला सुट्टी होती. सकाळी तारवाला सायकलवरून आला आणि रेजिनाबायच्या दारात उतरला. त्या काळी गावात तार आली की उघडायच्या आधीच बायका रडायला लागायच्या. तशाच लागल्या. रेजिनाबाय ओट्यावर मटकन बसली. तारवाल्याला नाव-पत्त्यापुरतंच इंग्रजी येत होतं. कुणीतरी ओरडलं, “फ्रान्सूला बोलवा, मॅट्रिकला हाय तो!”

फ्रान्सू पळत आला. तार घेतली. तीत लिहिलं होतं, ‘रिग्रेट इन्फॉर्म इनास पास्ड अवे ट्यूजडे लेटर फॉलोज.’

रिग्रेट त्याला आला नाही. पुढचा आला. इन्फॉर्म म्हणजे कळवणे. इनास. पास्ड! अवे म्हणजे दूर. ट्यूजडे म्हणजे मंगळवार.

“रडू नका!” फ्रान्सू दोन्ही हात वर करून ओरडला, “थांबा, रडू नका! इनास पास झालाय! तिकडे लांब, मंगळवारी पास झाला! मागून पत्र येतंय!”

रेजिनाबायने आधी त्याच्याकडे बघितलं, मग तारेकडे. “तो पयला शब्द कसला रे?”

“तो सरकारी असतो,” फ्रान्सू म्हणाला, “श्रीयुतसारखा.”

मग काय! तिने फ्रान्सूला ओढून छातीशी धरलं. रडणाऱ्या बायकाच हसायला लागल्या. वाडीत पिकत घातलेले केळीचे दोन घड तिने खाली काढले आणि सगळ्या आळीत वाटले. तारवाल्यालासुद्धा फणी दिली. नवं लुगडं नेसली आणि दुपारी देवळात गेली, फादरला उपकाराची मिस्सा, म्हणजे आभाराची प्रार्थना, सांगायला. जाताना तार बरोबर घेतली, फादरला दाखवायला.

फादरांनी तार वाचली. उठून आधी दार लोटलं. मग म्हणाले, “बाई, जरा बस.”

संध्याकाळी घंटा वाजली. मेलेल्या माणसाची घंटा वेगळी असते, ती ऐकून फ्रान्सूने आईला विचारलं, “कोण गेलं?”

त्यानंतर तो पडवीत आला नाही. शाळेतही नाही. आम्ही घरी गेलो तर पाठमोरा होऊन वाडीत खणत राहिला. मास्तर स्वतः गासला गेले, तर तो मागच्या दाराने निघून गेला. त्याच्या आईने सांगितलं, इंग्रजीची सगळी पुस्तकं त्याने माळ्यावर टाकली. रेजिनाबायच्या घरासमोरून जायला लागू नये म्हणून शेताच्या बांधावरून लांबचा फेरा घेतो.

दहा-बारा दिवस झाले. एका सकाळी आम्ही चौघे उतारा लिहीत होतो. सुलूचं लग्न व्हायचं होतं, तीही होती. पडवीच्या पायरीवर सावली पडली. बघतो तर रेजिनाबाय. काळं लुगडं, डोक्यावर भाजीची टोपली, आणि दुसऱ्या हातात फ्रान्सूचं मनगट. एवढा मोठा मुलगा, पण शाळेत पहिल्या दिवशी आणलेल्या पोरासारखा मान खाली घालून उभा होता.

मास्तर उठून उभे राहिले.

तिने टोपली उतरवली. “मास्तर, हा तुमचा. बांधावर गाठला.”

“बसा, बाई,” मास्तर म्हणाले. ती बसली नाही. कनवटीला हात घालून तिने एक कागद काढला. घड्या पडून पडून तो चिंधीसारखा मऊ झाला होता. तो तिने फ्रान्सूपुढे धरला.

“वाच.”

“मावशी, नको,” फ्रान्सू म्हणाला. “मला येत नाही गं. मला खरंच येत नाही. फादरकडे जा.”

“फादरनं वाचली. तुझ्या मास्तरांनी पन वाचली असती. मला ती नको.” तिने कागद त्याच्या हातात दिला आणि त्याची बोटं मिटवली. “तू पयल्यांदा वाचलीस ना, तशी वाच.”

फ्रान्सूने मास्तरांकडे बघितलं. त्याने कागद उघडला. वाडीतून कुणाच्या तरी रहाटाचा आवाज येत होता.

“इनास,” फ्रान्सूने वाचलं, “इनास... पास झाला. तिकडे लांब. मंगळवारी.” त्याचं बोट शेवटच्या शब्दांवर आलं. “मागून पत्र येतंय.”

रेजिनाबायने डोळे मिटले होते.

“परत वाच,” ती म्हणाली.